नळी किती जाड असावी? सायकलची फ्रेम आणि माझं एक चुकलेलं वाक्य

मागच्या महिन्यात प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातलं एक वाक्य मी खोडलं. वाक्य साधंच होतं : 'जाड नळीच्या सायकली टिकाऊ असत आणि पातळ नळीच्या नाजूक.' लिहायला अर्धं मिनिट लागलं होतं. खोडायला जवळजवळ दोन वर्षं लागली. या दोन वर्षांत काय झालं ते आज सांगते. संशोधनाला लागायच्या तयारीत असलेल्या तुमच्यापैकी अनेकांना अशी वाक्यं लवकरच भेटणार आहेत. ती दिसायला निरुपद्रवी असतात, कुणी हरकत घेत नाही, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त घात करतात.

माझा विषय थोडक्यात : स्टीलच्या सायकल फ्रेमच्या नळ्यांचा इतिहास, साधारण १८९० ते १९८०. घरच्यांना सांगितलं तर ते म्हणतात, 'पाइपवर पीएचडी?' हो, पाइपवरच. पण या पाइपच्या भिंतीची जाडी अर्ध्या मिलिमीटरपासून सव्वा मिलिमीटरपर्यंत असते, आणि त्या पाऊण मिलिमीटरच्या फरकात धातुशास्त्र, पेटंट, शर्यती, वसाहती आणि दूध घालणाऱ्यांचं पोट असं सगळं मावलेलं आहे.

सेमिनारमध्ये मी ते वाक्य मोठ्या आत्मविश्वासानं वाचलं. माझ्या गाइड सरांनी एवढंच विचारलं, 'हे कोणी मोजलं गं?' मी म्हटलं, 'सर, हे तर सगळ्यांना माहीतच आहे.' सर हसले आणि वहीवर त्या वाक्याभोवती गोल काढला. तो गोल अजून माझ्याकडे आहे.

आधी नळी कुठून आली ते बघू

१८६० च्या दशकातल्या पॅरिसच्या सायकलींना नळ्या नव्हत्याच म्हटलं तरी चालेल. फ्रेम म्हणजे लोहारानं घडवलेला भरीव लोखंडी दांडा. इंग्रजीत त्या सायकलींना 'हाडं खिळखिळी करणारी' असं टोपणनाव पडलं ते उगाच नाही. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीनं 'रोव्हर' ही सेफ्टी सायकल आणली, १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला, आणि पुढच्या काही वर्षांत आज आपण ओळखतो तो चौकटीसारखा 'डायमंड' आकार पक्का झाला. आता फ्रेमला हव्या होत्या हलक्या, पोकळ, सरळ नळ्या. आणि त्या लाखांच्या संख्येनं हव्या होत्या.

पत्रा वळवून कडा जोडून केलेली नळी शिवणीवर उकलायची भीती असे. बिनशिवणीची नळी हा त्यावरचा उपाय. जर्मनीत रेमशाइडला मॅनेसमन बंधूंनी १८८५ मध्ये तापलेल्या भरीव सळईला तिरप्या रोलरांमध्ये फिरवून मधोमध भोक पाडायची पद्धत काढली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या परिसरात स्वीडनहून आणलेल्या शुद्ध पोलादाच्या पोकळ तुकड्यांना थंडच ओढून ओढून लांब आणि पातळ करत. ओढायचं, भट्टीत घालून मऊ करायचं, परत ओढायचं. प्रत्येक फेरीला भिंत थोडी पातळ होते. म्हणजे पातळ नळी ही जास्त कामाची, म्हणून जास्त महाग वस्तू. धातू कमी, किंमत जास्त. हे उलटं गणित लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जाडी तेव्हा 'गेज' मध्ये मोजत. ब्रिटिश गेजमध्ये आकडा वाढला की जाडी कमी होते. १८ गेज म्हणजे १.२२ मिमी, २० म्हणजे ०.९१, २२ म्हणजे ०.७१ आणि २४ म्हणजे ०.५६ मिमी. जुने कॅटलॉग वाचताना मी पहिले दोन आठवडे हे उलटंच वाचत होते. २४ गेज म्हणजे दणकट असं समजून टिपणं काढली होती. सगळी फाडली. तेव्हा पहिला धडा : ज्या काळाचा अभ्यास, त्या काळाचं माप आधी शिका.

खिळे करणाऱ्या घराण्याचं पेटंट

पातळ नळीची अडचण मधल्या भागात नव्हती, टोकांना होती. नळ्या 'लग' नावाच्या खोबणीत बसवून पितळ वितळवून जोडत. यालाच ब्रेझिंग म्हणतात. पितळ वितळायला जवळजवळ ९०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. एवढ्या तापात जोडाजवळचं पोलाद मऊ पडतं. आणि नेमका तिथेच, जोडाशी, सायकल चालताना सगळ्यात जास्त ताण येतो. म्हणजे जिथे ताकद जास्त हवी तिथेच ती कमी होते. कारागीर काय करत? टोकांना आतून छोटी नळकांडी, म्हणजे 'लायनर', सरकवून जोड जाड करत. काम किचकट, आणि आतलं नळकांडं नीट चिकटलं की नाही ते बाहेरून कळायचं नाही.

बर्मिंगहॅमला जॉन रेनॉल्ड्सनं १८४१ मध्ये सुरू केलेला खिळे करायचा धंदा होता. त्या घराण्यातल्या आल्फ्रेड मिलवर्ड रेनॉल्ड्सनं जे. टी. ह्यूइट या सहकाऱ्याबरोबर १८९७ मध्ये एक पेटंट घेतलं. कल्पना अशी की नळीचा बाहेरचा व्यास सगळीकडे सारखा ठेवायचा, पण आतून भिंत टोकांना जाड आणि मध्ये पातळ करायची. यालाच 'बटेड' नळी म्हणतात. त्यासाठी नळीच्या आत पायरीपायरीचा दांडा घालून दोन्ही मिळून साच्यातून ओढतात. दांडा मध्ये जाड, टोकांना बारीक, म्हणून नळीची भिंत मध्ये पातळ, टोकांना जाड होते. आता दांडा आत अडकला. मग नळी तिरप्या रोलरांखालून फिरवली की ती किंचित फुगते आणि दांडा निघतो. १८९८ मध्ये याच कामासाठी वेगळी कंपनी निघाली. तिच्या नावातच 'पेटंट' आणि 'बटेड' हे दोन्ही शब्द होते.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याची पंचाईत बघा. ही सगळी करामत नळीच्या पोटात. बाहेरून काही दिसत नाही. जुन्या फोटोवरून किंवा चित्रावरून बटेड आणि साधी नळी ओळखता येत नाही. कॅटलॉगवर विश्वास ठेवायचा तर कॅटलॉग विकण्यासाठी छापलेला असतो. मग कसं कळणार?

एक सोपा मार्ग मला सायकलवाल्या एका काकांनी शिकवला. पुण्यातल्या एका पेठेत त्यांचं छोटं दुकान आहे. ते म्हणाले, 'ताई, सीटचा दांडा काढा आणि त्याचा व्यास बघा.' ब्रिटिश मापाच्या सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास २८.६ मिमी. भिंत ०.६ असेल तर आतला व्यास २८.६ वजा १.२, म्हणजे २७.४. सरकायला थोडी जागा सोडली की दांडा २७.२ चा बसतो. भिंत ०.७ असेल तर दांडा २७.० चा. दांड्यावर आकडा कोरलेला असतो. फ्रेम न कापता, न खरवडता भिंतीची जाडी कळली! नळीच्या मधल्या भागासाठी मात्र अल्ट्रासॉनिक जाडीमापक लागतो. तो मी मेकॅनिकलच्या एका मित्राच्या हातापाया पडून दोन शनिवार मिळवला.

तीन गोष्टी, ज्यांना मी एकच समजत होते

सरांच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना पहिल्यांदा कळलं की 'टिकाऊ' या एका शब्दात मी तीन-चार वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या. आर्ट्सच्या विद्यार्थ्यांनो, घाबरू नका, गणित शाळेतलंच आहे.

नळीचा व्यास 'व्या' आणि भिंतीची जाडी 'जा' धरा. पातळ भिंतीच्या नळीसाठी ढोबळमानानं :

वजन हे व्या × जा च्या प्रमाणात.
वाकवताना लागणारं बळ, म्हणजे मजबुती, व्या × व्या × जा च्या प्रमाणात.
ताठपणा व्या × व्या × व्या × जा च्या प्रमाणात.

म्हणजे जाडी तिन्ही ठिकाणी एकदाच येते. व्यास मात्र एकदा, दोनदा, तीनदा. २८.६ मिमी व्यासाची १.० मिमी भिंतीची नळी घ्या आणि ३१.८ व्यासाची ०.७ भिंतीची घ्या. कॅल्क्युलेटरवर करून बघा, दोघींचा ताठपणा जवळजवळ सारखा येतो. वजन मात्र दुसरीचं साधारण २१ टक्के कमी. मग सगळे जाड व्यासाच्या, कागदासारख्या भिंतीच्या नळ्या का वापरत नाहीत? कारण व्यास भिंतीच्या पन्नास पटीच्या फार पुढे गेला, की रिकाम्या डब्यासारखी नळी चेपायला लागते. सायकल भिंतीला टेकवताना, स्टँडवर पडताना पोचे येतात. पोचा आला की नळीचा आकार मोडतो आणि हिशेबातली ताकद कागदावर राहते.

आता वजनाचा अंदाज घ्या. फ्रेमची तिरकी नळी साधारण ६०० मिमी लांब, व्यास २८.६ धरला, तर भिंत १.२२ मिमी असताना वजन सुमारे ४९५ ग्रॅम भरतं. भिंत ०.९ केली की सुमारे ३७०. आणि टोकांचे शंभर-शंभर मिमी ०.९, मधलं ०.६ अशी बटेड केली की सुमारे २९०. म्हणजे त्या पेटंटनं एका नळीत ऐंशी ग्रॅम वाचवले, जोडाशी काहीही न गमावता. शर्यतवाल्याला हे सोनं. दूधवाल्याला? त्याच्या एका कॅनच्या झाकणाचं वजन यापेक्षा जास्त असेल.

५३१ : आकडा कुठून आला?

१९३५ मध्ये याच कंपनीनं '५३१' नावाच्या नळ्या आणल्या. मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद. सायकलच्या इतिहासात या आकड्याला जवळजवळ देवत्व आहे. सीटच्या नळीवर ते हिरवं-सोनेरी लेबल दिसलं की जुने शौकीन हात जोडायचेच बाकी राहतात. दुसऱ्या महायुद्धात हीच कंपनी स्पिटफायर विमानांच्या पंखांसाठी धातूच्या नळ्या करत होती. पुढे जॅग्वार ई-टाइप मोटारीच्या पुढच्या सांगाड्यातही ५३१ होतं.

नावाबद्दल सगळीकडे एकच गोष्ट सांगतात : मिश्रणातल्या मुख्य घटकांचं प्रमाण ५ : ३ : १ आहे म्हणून ५३१. मीही टिपणात तसंच उतरवलं होतं. मग मिश्रणाचे आकडे पाहिले. मँगनीज साधारण दीड टक्का, कार्बन एक तृतीयांश टक्क्याच्या आसपास, मॉलिब्डेनम पाव टक्का. यातून ५ : ३ : १ कसं येतं ते तुम्हीच काढा. मला आलं नाही. सहास दीडास एक असं काहीतरी येतं. याचा अर्थ ती गोष्ट सांगणारे खोटारडे आहेत असा नाही. एवढाच की दहा जणांनी लिहिलेली गोष्ट म्हणजे दहा पुरावे नव्हेत. बहुतेक वेळा तो एकच पुरावा असतो, नऊ वेळा उतरवून घेतलेला.

५३१ चं ताणबळ साधारण ७०० ते ८०० मेगापास्कल. साध्या सौम्य पोलादाचं ४०० च्या आसपास. म्हणजे ०.९ मिमीचं ५३१ आणि १.२ मिमीचं साधं पोलाद समोरासमोर ठेवलं तर? ०.९ गुणिले ७५० म्हणजे ६७५, आणि १.२ गुणिले ४०० म्हणजे ४८०. पातळ नळी जास्त मजबूत निघाली! माझं वाक्य इथेच एकदा मेलं.

पण थांबा. ताठपणाचं काय? इथे एक गंमत आहे. पोलाद साधं असो की भारी, त्याचा यंग गुणांक २०० ते २१० गिगापास्कलच. मिश्रण बदलून पोलाद मजबूत होतं, ताठ होत नाही. त्यामुळे सारख्याच व्यासाची ०.९ ची नळी १.२ च्या नळीपेक्षा साधारण पाव हिश्श्यानं कमी ताठ, लेबल कुठलंही लावा. मागे चाळीस लिटर दूध बांधलं की ही लवचीकता डुलायला लागते. म्हणजे माझं वाक्य मेलं खरं, पण त्याच्या उलटं वाक्यही खरं नव्हतं.

थकवा नावाचा मारेकरी

फ्रेम एका दणक्यात क्वचितच तुटते. ती थकून तुटते. हे सायकलवाल्यांच्या आधी रेल्वेवाल्यांना कळलं होतं. जर्मनीत आउगुस्ट व्होलर यानं १८५० आणि ६० च्या दशकांत रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं की धातू एकदा सहन करतो तेवढा ताण लाखो वेळा सहन करेलच असं नाही. पोलादाची एक सोय मात्र आहे. एका ठरावीक मर्यादेच्या खाली ताण राहिला, तर कितीही फेऱ्या झाल्या तरी ते व्यवहारात थकत नाही. अॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते. 'स्टील इज रिअल' म्हणणाऱ्यांचा हा हुकमी पत्ता.

आता हा पत्ता किती चालतो ते बघा. भिंत पातळ केली की त्याच ओझ्याला ताण वाढतो आणि आपण त्या सुरक्षित मर्यादेच्या जवळ जातो. वर ब्रेझिंगची उष्णता, जोडाची तीक्ष्ण कड, आतला गंज. गंजानं ०.२ मिमी खाल्लं तर १.२ च्या भिंतीचा सहावा हिस्सा गेला, ०.६ च्या भिंतीचा तिसरा. १९९७ मध्ये 'टूर' या जर्मन सायकल मासिकानं बारा उंची फ्रेम यंत्रावर चढवून थकवा-चाचणी केली. दोन लाख आवर्तनं पार करून तीनच टिकल्या. दोन अॅल्युमिनियमच्या, एक कार्बनची. हलक्या स्टीलच्या फ्रेम त्याआधीच तडकल्या.

ही चाचणी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. पण सकाळी पुन्हा सरांचा प्रश्न आठवला, तोही उलटा लावून : यांनी नेमकं काय मोजलं? प्रत्येक प्रकारची एकच फ्रेम. नेहमीपेक्षा जबर ओझं. गंज नाही, पोचे नाहीत, दुरुस्ती नाही. या चाचणीतून 'स्टील वाईट' असं निघत नाही. फ्रेमची रचना आणि जोडाचं काम धातूच्या नावापेक्षा वरचढ ठरू शकतं, एवढं निघतं. चाचणी जे विचारते त्याचंच उत्तर देते, आपल्याला हवं त्याचं नाही.

दुसरीकडे जे आज शिल्लक आहे त्यावर विसंबायचं तर तिथेही खड्डा आहे. १९५० च्या दशकातल्या ५३१ च्या फ्रेम आज शौकिनांच्या भिंतींवर चकचकीत टांगलेल्या दिसतात. पण त्या महाग होत्या, घरात ठेवल्या गेल्या, पुसल्या गेल्या, रविवारी निघाल्या. तुटलेल्या भंगारात गेल्या, त्यांचे फोटो कुणी काढत नाही. टिकलेल्या वस्तूंवरून टिकाऊपणा मोजणं म्हणजे म्हाताऱ्यांना बघून 'आपल्या गावात कुणी तरुणपणी मरतच नाही' म्हणण्यासारखं.

एका तासासाठी आणि तीस वर्षांसाठी

मग मी प्रश्न बदलला. 'कोणती नळी टिकाऊ?' ऐवजी 'किती काळ, कुणाच्या ओझ्याखाली, आणि तुटली तर कोण जोडणार?'

एका टोकाला २५ ऑक्टोबर १९७२. मेक्सिको सिटीच्या ट्रॅकवर एडी मर्क्सनं तासात ४९.४३१ किलोमीटर कापले. इटलीच्या एर्नेस्तो कोल्नागोनं बनवलेली ती सायकल सहा किलोच्या आत होती, नळ्या मिलानच्या कोलंबस कंपनीच्या. त्या फ्रेमला एक तास टिकायचं होतं. ती टिकली. म्हणजे ती टिकाऊ होती.

पुढे १९७६ मध्ये रेनॉल्ड्सनं '७५३' आणलं. ५३१ सारख्याच पोलादावर उष्णतेची खास प्रक्रिया, ताकद सुमारे दीडपट, म्हणून भिंती आणखी पातळ. पण पितळेच्या तापात ती प्रक्रिया वाया जाते. त्यामुळे ७५३ ला कमी तापमानाचा चांदीचा जोडच द्यावा लागे, आणि कारागिरानं नमुन्याचा जोड कंपनीकडे पाठवून मान्यता घेतल्याशिवाय त्याला नळ्या मिळत नसत. बघा, पातळ होता होता नळीनं आपल्याभोवती माणसं निवडायला सुरुवात केली.

दुसऱ्या टोकाला आपल्याकडची काळी सायकल. १९१९ मध्ये इंग्लंडमध्ये 'ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स' हा नळ्यांच्या कंपन्यांचा समूह उभा राहिला होता. १९२८ मध्ये रेनॉल्ड्स त्यातच सामील झाली. आणि याच समूहानं १९४९ मध्ये मुरुगप्पा घराण्याबरोबर मद्रासला टीआय सायकल्स काढली. १९५५ मध्ये आवडीला नळ्यांचा कारखानाही आला. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं की भारतीय सायकल जड राहिली, कारण आपल्याकडे पातळ नळीचं ज्ञान आलं नाही. आता हे बघा : ज्या समूहात बटेड नळीचं पेटंट घेणारी कंपनी होती, तोच समूह मद्रासला भागीदार होता. ज्ञान नव्हतं हे कारण टिकत नाही. भारतीय मानक आयएस २०३९ चं शीर्षक वाचा. त्यात सायकलबरोबर सायकलरिक्षाच्या नळ्याही एकाच दमात येतात. ज्यांच्यासाठी या नळ्या होत्या त्यांचं ओझं त्या शीर्षकातच लिहिलेलं आहे.

माझ्या आजोबांकडे अशीच एक सायकल होती. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून ते रोज सकाळी कॅरिअरच्या दोन्ही अंगांना कॅन लावून चाळीसेक लिटर दूध डेअरीला घालायचे. मे महिन्यात गावी गेले तेव्हा गोठ्यामागून ती काढली, मापक लावला. भिंत १.२ च्या आसपास. आणि पुढच्या खालच्या जोडाच्या मागे तिरक्या नळीवर पितळेचा जाड, ओबडधोबड वळसा दिसला. आजीला विचारलं. ती म्हणाली, 'ती तुझ्या बापाच्या बारशाच्या साली मोडली होती. बाजारच्या गॅसवाल्यानं दुपारपर्यंत जोडून दिली. संध्याकाळचं दूध चुकलं नाही.'

मी तिथेच बसले. म्हणजे ती जाड नळीसुद्धा तुटली होती. अगदी पुस्तकात सांगितलेल्या जागी, जोडाशी. पेठेतले काकाही हेच म्हणाले होते, 'मधे नाही हो मोडत, मोडते ती सांध्यातच.' फरक एवढाच की साधं पोलाद पितळेच्या तापानं फारसं बिघडत नाही आणि १.२ ची भिंत अडाणी ज्योतीखाली वितळून भोक पडत नाही. ७५३ असती तर बाजारच्या गॅसवाल्यानं एका मिनिटात तिची माती केली असती. त्या जोडानंतर सायकल आणखी वीसेक वर्षं चालली. आमच्या घरात त्या वर्षांची फी, औषधं आणि एक लग्न त्याच जोडावरून गेलं आहे.

आता प्रकरणात काय लिहिलंय

खोडलेल्या वाक्याच्या जागी आता सव्वा पान आहे. त्याचा सारांश असा : पातळ भिंतीची, चांगल्या पोलादाची बटेड नळी जोडाशी साध्या नळीपेक्षा मजबूत असू शकते. पण ती लवचीक जास्त, पोचे आणि गंज कमी सोसते, आणि तिला निवडक हात लागतात. जाड साधी नळी थकते, तुटते, पण स्वस्तात आणि कुठेही जोडली जाते. आजोबांच्या सायकलवरून सगळ्या भारताबद्दल बोलता येत नाही हेही मी तिथे स्पष्ट लिहिलंय. एक सायकल म्हणजे एक सायकल. पण तिनं मला दुरुस्तीचा प्रश्न दिला, जो कॅटलॉगनं आणि पेटंटनं कधीच दिला नसता.

सरांनी नवीन पान वाचलं. मान डोलावली. मग 'स्वस्तात' या शब्दाभोवती गोल काढला आणि म्हणाले, 'कितीला?'

तर आता दुरुस्तीचे दर शोधते आहे. तुम्ही तुमच्या प्रस्तावाचा मसुदा उघडा आणि ज्या वाक्याला 'हे तर सगळ्यांना माहीतच आहे' असं उत्तर तुमच्या मनात येतं, त्या वाक्याभोवती आजच एक गोल काढून ठेवा. मग त्यातला सगळ्यात सोपा वाटणारा शब्द घ्या : टिकाऊ, मागास, लोकप्रिय, पारंपरिक, काहीही. तो शब्द मोजायचा झाला तर कशानं मोजाल, ते त्याच पानाच्या मागे लिहा. पान कोरं राहिलं तर घाबरू नका. माझं सहा महिने कोरं होतं.